आयसो आपोआप निघत नाही

रायगडच्या किनारपट्टीवर जिथे जिथे पाइप टाकले जातात, तिथल्या ड्रॉइंग ऑफिसांत आणि त्या ऑफिसांना माणसे पुरवणाऱ्या कॉलेजांत एक मत सध्या मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. आयसोमेट्रिक ड्रॉइंग शिकवण्यात आता वेळ घालवू नये, असे ते मत आहे. त्यामागचा युक्तिवाद साधा आहे. एके काळी ड्राफ्ट्समन तीस-साठचा सेटस्क्वेअर घेऊन बोर्डावर बसत असे. पुढे ऑटोकॅड आले आणि एफ५ची कळ दाबून डावी, वरची, उजवी अशा पातळ्या बदलत तो तेच काम पडद्यावर करू लागला. आता प्लांटचे पूर्ण त्रिमितीय मॉडेल तयार होते. लाइन नंबर निवडला की आयसोजेनसारखी प्रणाली काही क्षणांत आयसो काढून देते आणि त्यावर मटेरियलची यादी, वेल्डचे नंबर, उत्तर दिशेचा बाण सगळे असते. मग सपाट पडद्यावर खोलीचा आभास रेखाटायला मुलांना का बसवायचे? तो वेळ मॉडेलिंगला द्या, कोडिंगला द्या. आयसो काढणे हे सॉफ्टवेअरचे काम आहे. हे मत मांडणारे स्वतःला काळाबरोबर चालणारे समजतात आणि त्याला हरकत घेणारा जुन्या बोर्डाला चिकटून बसलेला ठरतो. मला हे मत चुकीचे वाटते. थळपासून डोलवीपर्यंत कारखाने उभे असलेल्या या जिल्ह्यात ते ज्या सहजतेने पसरते आहे, त्याची मला भीतीही वाटते.

पहिला प्रश्न अगदी प्राथमिक आहे. मॉडेलमधून आयसो निघतो हे खरे. पण मॉडेल आहे कुठे? ऑटोकॅडची पहिली आवृत्ती बाजारात आली ती डिसेंबर १९८२ मध्ये. तेव्हा अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अमोनिया-युरियाचा कारखाना उभा राहत होता. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले, आणि ते तेल आणि वायू उतरवून घेणारे उरणचे ओएनजीसीचे संकुल थळच्या कारखान्याच्याही आधीचे. नागोठण्याचे वायू-विघटन संकुल १९९०च्या सुमाराचे. या जिल्ह्याचे औद्योगिक शरीर ज्या काळात घडले, त्या काळात मॉडेलमधून काम करण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली नव्हती. अशा वयाच्या कारखान्यातली एखादी लाइन गेल्या तीस-चाळीस वर्षांत किती वेळा बदलली गेली असेल याचा विचार करावा. एका शटडाउनमध्ये व्हॉल्व्ह सरकवला, दुसऱ्यात नवा टाय-इन घेतला, तिसऱ्यात सपोर्ट हलवला. कपाटातल्या मूळ ड्रॉइंगवर त्यातले सगळेच नोंदले गेले असेल याची खात्री कोण देईल? अशा लाइनचा आयसो बटणावर निघत नाही, कारण ज्यातून तो निघायचा ते मॉडेल कुणी कधी बनवलेलेच नसते. नव्या प्रकल्पाच्या चकचकीत सादरीकरणावरून साऱ्या उद्योगाबद्दल निष्कर्ष काढणाऱ्यांना हा जुना कारखाना दिसत नाही. प्रत्यक्षात इथल्या पाइपिंगच्या कामाचा मोठा भाग त्याच जुन्या कारखान्यात आहे, आणि धाटाव, महाड, तळोजा इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान रसायन कारखान्यांचे तर विचारायलाच नको. त्रिमितीय पाइपिंग सॉफ्टवेअरचा परवाना आणि तो चालवणारी प्रशिक्षित माणसे दोन्ही पोसण्याइतके मोठे काम तिथल्या किती कंत्राटदारांकडे असते? त्यांच्याकडे एक संगणक, एक ऑटोकॅड आणि एक ड्राफ्ट्समन असतो. त्या ड्राफ्ट्समनला आयसो काढता येत नसेल, तर तो फिटरच्या अंदाजाने निघतो.

इथले हवामान या प्रश्नाला आणखी धार देते. खाऱ्या वाऱ्याचा आणि चार महिन्यांच्या पावसाचा पहिला मारा पाइपवरच होतो, आणि तो दिसत नाही. इन्शुलेशनच्या पत्र्याचा सांधा सुटला की पाणी आत शिरते, लोकरीत साचून राहते आणि आतल्या कार्बन स्टीलला गंज चढत जातो. बाहेरून पत्रा चकचकीत दिसत असतो. स्टेनलेस स्टीलची लाइन गरम असेल आणि पाण्याबरोबर क्लोराइड आत गेले असेल, तर गंजाऐवजी थेट भेगा पडण्याचा धोका असतो. म्हणून चालू कारखान्यातल्या पाइपांची जाडी ठरावीक ठिकाणी वेळोवेळी मोजावी लागते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे ५७० क्रमांकाचे संहितापत्र याच तपासणीसाठी आहे, आणि जाडी मोजण्याच्या जागा ज्या कागदावर दाखवल्या जातात तो कागद म्हणजे तपासणीचा आयसो. कुठल्या एल्बोच्या बाहेरच्या वळणावर, कुठल्या टीच्या खाली, कुठल्या बंद टोकाच्या तळाशी प्रोब लावायचा हे त्यावर असते. पुढच्या खेपेला वेगळा माणूस आला तरी त्याने त्याच बिंदूवर प्रोब ठेवला पाहिजे, तरच दोन मापांतला फरक म्हणजे झीज असे म्हणता येते. आता हा आयसो बनतो कसा? माणूस लाइनजवळ जातो. टेप धरतो, ओळंबा सोडतो, उत्तर कुठे आहे ते ठरवतो, आयसोच्या पॅडवर पेन्सिलीने लाइन काढतो, वळणावळणाला माप लिहितो आणि मग ऑफिसात येऊन ते ऑटोकॅडमध्ये उतरवतो. या साखळीतली पहिली कडी माणसाच्या डोळ्यांत आणि हातांत आहे. ती कमकुवत असेल तर पुढच्या कुठल्याही प्रणालीत टाकली जाणारी माहितीच चुकीची असते.

यावर एक तयार उत्तर मिळते. लेझर स्कॅनर आणा, सारा प्लांट एका आठवड्यात बिंदूंच्या ढगात उतरवा, त्यातून मॉडेल करा. स्कॅनर हे उत्तम यंत्र आहे. रॅकमधली रिकामी जागा किंवा नव्या नोझलचे अचूक स्थान शोधायला त्याच्याइतके चांगले साधन नाही. पण स्कॅनरला दिसते ते पृष्ठभागापुरते. इन्शुलेशन असलेल्या लाइनचा त्याला पत्रा दिसतो, पाइप दिसत नाही. आतला पाइप सहा इंची की आठ इंची, शेड्यूल चाळीस की ऐंशी, दोन पाइप कुठे जोडलेत, सपोर्टखालचा शू वेल्ड केलेला आहे की नुसता टेकवलेला, यातले काही तो सांगत नाही. रॅकमध्ये मागच्या बाजूला असलेली लाइन पुढच्या लाइनींच्या सावलीत अर्धवट उतरते. तेव्हा बिंदूंच्या ढगातून लाइन ओळखून काढणारा माणूस लागतोच, आणि इथून वर गेलेला पाइप त्या बीमच्या पलीकडे पूर्वेला वळून खाली आला असणार, हे त्याला उमजावे लागते. ही दृष्टी सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणवर्गात मिळत नाही. आयसो काढून काढून येते. म्हणजे ज्या कौशल्याची गरज संपली असे सांगितले जाते, तेच कौशल्य नवे यंत्र चालवणाऱ्याकडून गृहीत धरले जाते.

दुसरा आक्षेप जास्त शिकलेल्या लोकांकडून येतो. ऑटोकॅडमधला आयसो ही लबाडी आहे, असे ते म्हणतात. तो त्रिमितीय वाटतो, पण त्या रेषांना खोली नसते. सगळ्या एकाच सपाट पातळीत असतात. फिरवून पाहता येत नाही. तिरक्या रेषेची लांबी मोजली तर खोटी येते. यातली प्रत्येक वस्तुस्थिती खरी आहे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष पूर्ण चुकीचा. केंब्रिजमधले प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला, तो कशासाठी? व्याख्यानात ते यंत्रांच्या प्रतिकृती दाखवत. तेच सुटे भाग पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या यंत्रांसाठी जोडावे लागत, आणि ती जुळणी सहायकांना करावी लागे. कुठला भाग कुठे बसतो हे त्या सहायकांना एका चित्रातून नेमके कळावे आणि चित्रावरून मापही घेता यावे, ही त्यांची निकड होती. आयसोमेट्रिक पद्धतीची मांडणी जुळणी करणाऱ्या माणसासाठी झाली. थळच्या किंवा नागोठण्याच्या यार्डात पाइप कापून, टॅक मारून स्पूल उभा करणारा फिटर हा त्या सहायकाचाच वारस आहे. दूरची वस्तू लहान दिसणे त्याला नको असते, कारण त्याने गोंधळ होतो. पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि वर-खाली या तीन दिशा नि:संदिग्ध दिसाव्यात आणि प्रत्येक मापाला एक दिशा असावी, एवढेच त्याला हवे असते. आयसोमेट्रिक हे नेमके देते, आणि बाकीचे सगळे बाजूला ठेवते म्हणूनच देते. पाइपलाइनींच्या आयसोमेट्रिक चित्रणासाठी ६४१२ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा दुसरा भाग स्वतंत्रपणे राखून ठेवलेला आहे, तो कुणाच्या हौसेखातर नाही.

तिरक्या रेषेची लांबी खोटी येते, या मुद्द्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण विरोधकांना त्यात आयसोचा दोष दिसतो आणि मला तिथेच शिक्षणाचा गाभा दिसतो. एक पाइप उत्तरेकडे जातो आहे. पंचेचाळीस अंशांचे दोन एल्बो वापरून तो एकाच वेळी ३०० मिलिमीटर बाजूला आणि ४०० मिलिमीटर वर किंवा खाली न्यायचा आहे. फिटरच्या भाषेत हा रोलिंग ऑफसेट. ३०० आणि ४०० यांचा कर्ण ५००. एल्बो पंचेचाळीसचे असल्यामुळे उत्तरेकडची चालही ५००. आणि तिरक्या तुकड्याची मध्यापासून मध्यापर्यंतची खरी लांबी ७०७ मिलिमीटर. आता उत्तर दिशा उजवीकडे वर धरून हाच तुकडा पूर्ण मापाने आयसोमेट्रिक ग्रिडवर काढा. पाइप पूर्वेला आणि वर जात असेल तर पडद्यावरची रेषा ८५४ मिलिमीटर भरते. तोच पाइप पश्चिमेला आणि खाली जात असेल तर रेषा अवघी १७३ मिलिमीटर भरते, आणि ती दिसते कशी? सरळ आडवी. वर-खाली ४०० मिलिमीटरचा फरक असलेला पाइप कागदावर आडव्या खुंट्यासारखा दिसतो! म्हणूनच आयसोवर तिरक्या पाइपभोवती हॅचिंगचे त्रिकोण काढतात, बाजूचे आणि उंचीचे माप वेगवेगळे लिहितात आणि कागदावरून माप घेऊ नका असे बजावतात. ज्याने हे स्वतः काढून पाहिले आहे, त्याला हॅचिंग का असते हे आयुष्यभर विसरता येणार नाही. ज्याने ते फक्त प्रणालीतून छापून घेतले, त्याला ते त्रिकोण म्हणजे नक्षी वाटतील. आणि प्रणालीने कधी चुकीच्या बाजूला हॅचिंग दिले, किंवा दाटीत एखादे माप गाळले, तर त्याच्या लक्षात कशावरून येईल?

इथे आपण नव्या प्रकल्पाकडे येतो, कारण विरोधकांचा बालेकिल्ला तिथे आहे. उसरला गेलचा प्रोपेनपासून पॉलिप्रॉपिलीनपर्यंत जाणारा प्रकल्प आहे. अशा प्रकल्पात हजारो लाइनी असतात आणि त्यांचे आयसो मॉडेलमधूनच निघाले पाहिजेत. ते हाताने काढा असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण मॉडेलमधून निघालेला आयसो म्हणजे तयार आयसो, हे कुणी सांगितले? प्रणाली मॉडेलमध्ये जे आहे ते कागदावर मांडते. जागेवर करायचा वेल्ड कुठे ठेवायचा, हे ती स्वतः ठरवत नाही. कुणीतरी दिलेला नियम पाळते. तो नियम किंवा निर्णय माणसाचा असतो, आणि तो बारीक असतो. स्पूल ट्रकच्या हौद्यात बसला पाहिजे. गॅल्व्हनाइझ करायचा असेल तर जस्ताच्या टाकीत बुडाला पाहिजे. दोन बीमच्या मधून क्रेनने खाली सोडता आला पाहिजे. वेल्डरला जागेवर त्या सांध्याभोवती इलेक्ट्रोड फिरवायला हात घालता आला पाहिजे, आणि नंतर रेडिओग्राफीवाल्याला फिल्म लावता आली पाहिजे. उपकरणाच्या नोझलला जाऊन मिळणाऱ्या तुकड्यात तिन्ही दिशांना जुळवून घेण्याची सोय हवी, म्हणून तिथे जादा लांबी ठेवून तो जागेवर कापायचा असतो. हे सगळे एका सपाट आयसोवर बोट ठेवून ठरते. तपासनिसाच्या डोक्यात तो आयसो फिरत नसेल, तर तो फक्त टायटल ब्लॉक आणि रिव्हिजन नंबर तपासतो. मग यार्डात बनलेला स्पूल रॅकमध्ये शिरत नाही, तो परत कापावा लागतो, सांधा वाढतो, तपासणी वाढते आणि शटडाउनचा एकेक तास जातो. त्या वेळी दोष सॉफ्टवेअरला द्यायचा की ज्याने आयसो वाचायला शिकवणे बंद केले त्याला?

आता साइटवर टॅब्लेट आले आहेत, फिटर मॉडेल फिरवून पाहतो, कागदाची गरजच काय, असेही विचारले जाते. मॉडेल फिरवून पाहणे चांगलेच आहे. पण आयसो हा नुसता पाहण्याचा कागद नाही, तो नोंदीचा कागद आहे. कुठला सांधा कुठल्या वेल्डरने केला, कुठल्या तुकड्याचा हीट नंबर काय, कुठल्या सांध्याची रेडिओग्राफी झाली, दुरुस्ती कुठे झाली, हायड्रो टेस्टला कुठे ब्लाइंड टाकले, कुठे व्हेंट आणि कुठे ड्रेन ठेवला, हे सारे त्या एका लाइनच्या त्या एका आयसोवर येते आणि त्यावर जबाबदार माणसांच्या सह्या होतात. वाफेची लाइन भारतीय बाष्पक नियमावली, १९५० खाली येत असेल, तर तिची ड्रॉइंग बाष्पके संचालनालयाकडे मंजुरीला जातात आणि तिथला अधिकारी त्यांवरूनच विचारणा करतो. टॅब्लेटवर बोटाने फिरणाऱ्या चित्रावर कुणाची सही असते? वीस वर्षांनी ती लाइन उघडायची वेळ आली, तर कुठले चित्र पुढे ठेवणार? फिरवता येणारे मॉडेल कुणालाही दाखवता येते. आयसोवर सही करणारा माणूस मात्र त्यातल्या प्रत्येक आकड्याला बांधील असतो.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल जी तक्रार होते, तेवढीच मला रास्त वाटते. पहिल्या वर्षाला विद्यार्थ्यापुढे दोन दृश्ये ठेवायची, त्यावरून खाचा पाडलेल्या ठोकळ्याचा आयसोमेट्रिक काढायला लावायचा, आणि नंतर प्रयोगशाळेत तोच ठोकळा ऑटोकॅडमध्ये काढून प्रिंट फाइलला लावायची. यात ग्रिड कसे चालू करायचे, आयसोसर्कल कुठे सापडते, अक्षरे तीस अंशांनी कशी कलवायची हे कळते, पण हे कशासाठी करायचे ते कळत नाही. खऱ्या लांबीला ०.८१६ने का गुणायचे आणि पाइपिंगच्या आयसोत ते गुणणे का सोडून द्यायचे, हा साधा प्रश्नही बहुधा विचारला जात नाही. असे शिक्षण कंटाळवाणे होते यात नवल नाही. पण वाईट शिकवले जाते म्हणून विषयच काढून टाकायचा, हा कुठला न्याय? आयटीआयमधला मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा मुलगा असो, तंत्रनिकेतनातली मुलगी असो की लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातला पदवीचा विद्यार्थी असो, त्याच्यापुढे ठोकळ्याऐवजी कॉलेजच्याच पंपहाउसमधली लाइन ठेवा. पॅड घेऊन जाऊ द्या, मापे घेऊ द्या, आयसो काढू द्या, तो ऑटोकॅडमध्ये उतरवू द्या. मग तो कागद दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्या आणि लाइन न दाखवता त्याला प्लॅस्टिकच्या पाइपांत ती जुळवायला सांगा. जुळली तर आयसो बरोबर. यासाठी महागडा परवाना लागत नाही, आणि यानंतर मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला ते निम्म्या वेळात उमगेल याबद्दल मला शंका नाही.

उरतो तो आक्षेप उघडपणे कमी बोलला जातो, पण बाकीच्या सगळ्यांच्या मुळाशी तोच आहे. आयसो हे ड्राफ्ट्समनचे काम, इंजिनीयरने त्यात का पडावे? याचे उत्तर इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोने १९७४ मध्ये दिले आहे. तिथल्या नायलॉनचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात सहा रिअॅक्टर एका रांगेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा खाली असे बसवलेले होते. पाचव्याला भेग पडली म्हणून तो काढला आणि चौथा व सहावा यांना जोडणारा वीस इंची तात्पुरता पाइप टाकला. दोन तोंडांच्या उंचीत फरक असल्यामुळे तो मध्ये मोडलेल्या आकाराचा झाला; दोन्ही टोकांना बेलोज होते आणि खाली आधाराला मचाण. त्या पाइपचे एकच ड्रॉइंग झाले, वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने. आतल्या दाबामुळे दोन बेलोजच्या अक्षांतल्या अंतरावर किती पिळवटणारा जोर येईल, याचा हिशेब कुणी केला नाही. कारखान्याचे मुख्य अभियंता आधीच सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी कुणी आले नव्हते. १ जून १९७४ रोजी तो पाइप फुटला, सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा ढग पेटला आणि २८ माणसे गेली. नुसत्या आयसोने ती वाचली असती असा दावा मी करत नाही. पण त्या लाइनचा मापांसह आयसो काढायला बसलेल्या सक्षम माणसाला दोन टोकांच्या उंचीतला फरक आकड्यात लिहावा लागला असता, बेलोज दोन समांतर पण वेगवेगळ्या अक्षांवर दाखवावे लागले असते, आणि सपोर्टच्या जागी काय लिहायचे हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला असता. जमिनीवरच्या खडूच्या रेषेने हे प्रश्न विचारले नाहीत. स्ट्रेसचे गणित करणारा अभियंता आजही सुरुवात करतो ती आयसोपासून. त्याला आयसो कमीपणाचा वाटत असेल, तर तो कशाच्या आधारावर सही करतो?

आणि या किनाऱ्यावर हा प्रश्न अभियंत्यांच्या प्रतिष्ठेपुरता उरत नाही. उरण, थळ, उसर, नागोठणे, डोलवी इथल्या कारखान्यांसाठी भातशेती गेली, मिठागरे आणि खाडीकाठ गेले, आणि त्यापाठोपाठ प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना काम देण्याचा शब्द आला. ते काम बहुतेकांना मिळाले ते कंत्राटदाराकडच्या हेल्परचे. हेल्परपासून फिटर, फिटरपासून फोरमन, फोरमनपासून सुपरवायझर या वाटेवरचा पहिला दरवाजा आयसो वाचता येणे हाच आहे, आणि दुसरा आयसो काढता येणे. ज्याला कागद वाचता येतो तो पाइप कापण्याआधी प्रश्न विचारू शकतो. ज्याला येत नाही तो सांगितले तेवढे उचलतो. मोठ्या शहरातल्या मुलाला महागडे सॉफ्टवेअर आणि त्याचा वर्ग दोन्ही परवडते. तो आयसो न शिकताही कुठेतरी बसेल. पण रोहा किंवा पेण तालुक्यातल्या आयटीआयच्या अभ्यासातून हा विषय "आता आपोआप होते" म्हणून पुसला, तर त्या मुलाच्या हातात काय राहते? त्याच्याच गावच्या जमिनीवर उभ्या असलेल्या कारखान्यातल्या लाइनचा आयसो बाहेरचा कुणी काढेल, बाहेरचा कुणी तपासेल, आणि तो त्या आयसोप्रमाणे कापलेला पाइप खांद्यावर घेऊन उभा असेल. विषय काढून टाकण्याची शिफारस करणाऱ्या प्रत्येक अभ्यास मंडळाने आधी एका शटडाउनची कामांची यादी मागवावी, त्यातल्या किती लाइनींचे मॉडेल उपलब्ध आहे ते कारखान्याला विचारावे, आणि उरलेल्या लाइनींचे आयसो कोण काढणार याचे नाव त्या शिफारशीखाली लिहावे.